पुठ्ठ्यातलं एक भोक

गज्जम नरसय्या, वय बावन्न, जॉबर,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात माग दुरुस्त करतात.
सिव्हिलच्या बाकावर बसून
रिपोर्ट उलटा धरतात आणि विचारतात,
"मॅडम, आपल्या अंगात कुणीच नव्हतं का
याला अडवायला?"

"होतं," मी म्हणते. "अजून आहे."
आणि नावापाशी अडखळते.
इंग्रजी अक्षरं, मध्ये एक आकडा,
मोटारसायकलच्या नंबरप्लेटसारखं नाव त्याचं.

म्हणून खणातून वडिलांचा पुठ्ठा काढते, जकार्डचा.
ते पंचिंगला होते, अशोक चौकापलीकडे.
भोकांतून पडलेल्या गोल टिकल्या
मी डालड्याच्या डब्यात साठवायची.

"पुठ्ठ्यावरून चादर निघते ना?
हा उलटा.
चादरीचा तुकडा घेऊन येतो
आणि त्यावरून पुठ्ठा ठोकतो.
माग आपला, सूत आपलं, वीज आपली.
ठोकून झाला की आपल्याच पुठ्ठ्यांच्या साखळीत
शिवून टाकतो."

नरसय्या पुठ्ठा उजेडात धरतात.
ही भाषा त्यांची आहे, मी उसनी घेतलेली.

"पण प्रत्येक घरात एक जुना कारागीर असतो.
तो विषाणूच्या गाठोड्यात गुपचूप शिरतो,
त्याच्याबरोबर पुढच्या घरी जातो,
आणि तिथं पुठ्ठा ठोकला जाताना
भोकं चुकवतो.
'ग'च्या जागी 'अ'.
पुन्हा 'ग'च्या जागी 'अ'.
गंध लिहायचा तिथं अंध.
वाक्य मध्येच थांबतं,
मोर उमटत नाही."

नरसय्या हसतात. पहिल्यांदाच, तीन भेटींत.
"आमचा येल्लय्या!
तीन आठवडे पगार नव्हता,
तर एक भोक तिरकं पाडलं त्यानं.
सहाशे चादरी निघाल्या,
एकाही मोराला चोच नाही."

मग हसू ओसरतं.
"त्याला काढला. शेटजीनं नवा मुकादम आणला होता,
फक्त तेवढ्यासाठी."

मी गप्प. पुढचं मला सांगायचं होतं,
ते त्यांनीच सांगितलं.
हाही मुकादम घेऊनच येतो, नरसय्या.
कारागिराच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवतो,
आणि आपल्याच घरचे हमाल
चिठ्ठी वाचून त्याला भंगारात टाकतात.

सूत लपवून ठेवणारेही आहेत,
कोन रिकामे, मग ठोक म्हणावं कशावर ठोकतोस.
उंबऱ्यावर पदर धरणारे आहेत.
काही माकडांच्या अंगातला राखणदार
याला दारातच ओळखतो.
आपलाही त्याच कुळातला,
पण या चेहऱ्याला फसतो. का,
ते मला नीट सांगता येत नाही.

"म्हणजे ही गोळी?"
"एकाच गोळीत दोन कामं.
ठोकणाऱ्याचा हात धरायचा,
सुई-दोरा काढून घ्यायचा. रोज रात्री नऊला.
शिवून झालेला पुठ्ठा मात्र
उसवता येत नाही अजून."

ते मान हलवतात. खोटं बोलले नाही, एवढं त्यांना कळतं.
राजमणीबाई बाहेर उभ्या आहेत,
बोटांना विडीच्या पानाचा वास, रिपोर्ट निगेटिव्ह.

जाता जाता आणखी एक सांगते, कुणी विचारलेलं नसताना:
आपल्या साखळीत असे हजारो जुने पुठ्ठे आहेत,
लाखो वर्षांपूर्वी कुणी कुणी शिवून गेलेले.
आज त्यांतून काही विणून विषाणू होत नाही.
काहींवर अजून दिसतात
त्या कारागिराची चुकवलेली भोकं.

"हा पुठ्ठा देता का?" नरसय्या विचारतात.

देत नाही.
वरून चौथ्या ओळीत
वडिलांच्या हातून एक भोक चुकलेलं आहे.
चुकलं की चुकवलं,
ते मी त्यांना कधी विचारलं नाही.